उवांनी सांगितलेले गोत्र

बोरिवलीच्या धक्क्यावरून गोराईला जाणारी बोट ओहोटीच्या वेळी पकडली, की दोन्ही काठांचा चिखल उघडा पडलेला दिसतो. तिवरांच्या मुळांशी बगळे उभे असतात. गुलाबी काड्यांसारख्या पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपसत फिरत असतात. पलीकडे उतरून आत गेलात आणि गोड्या पाण्याचे एखादे तळे लागले, तर त्यात कबुतराहूनही लहान, शेपूटच नसल्यासारखा दिसणारा एक तपकिरी पक्षी तरंगताना दिसेल. बघता बघता तो बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. ही टिबुकली. बदकाचे पिल्लू असेल, असे म्हणून लोक पुढे जातात.

मुंबईकर गर्दी करतात ते रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना बघायला. शिवडी, ऐरोली, भांडुप, नेरुळ. लांब पाय, त्याहून लांब वाटणारी मान, गुलाबी रंग आणि डोके उलटे करून पाणी गाळून खाण्याची ती अजब रीत. रोहित आणि टिबुकली यांना एका चित्रात काढले, तर चित्रकाराचे काहीतरी चुकले असे वाटेल. पण आज हयात असलेल्या सगळ्या पक्ष्यांत रोहिताचे सर्वांत जवळचे नातलग बदक नाही, बगळा नाही, करकोचाही नाही. ते टिबुकलीचे कुळ आहे. हे कळायला विज्ञानाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. या प्रकरणातल्या सर्वांत विचित्र साक्षीदार होत्या रोहिताच्या पिसांत राहणाऱ्या उवा. त्यांची साक्ष आधी चुकीची वाचली गेली, मग फेटाळली गेली आणि शेवटी उपयोगी पडली.

रोहिताचे कोडे जुने आहे. १८६७ मध्ये टी. एच. हक्सले यांनी पक्ष्यांची हाडे तपासून वर्गवारी केली, तेव्हा रोहिताला कुठे बसवावे हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी त्याला एका बाजूला बदके-हंस आणि दुसऱ्या बाजूला करकोचे-बगळे यांच्या मधोमध वेगळी जागा दिली. लांब पाय करकोच्याकडे बोट दाखवत होते; पायाच्या बोटांमधले पडदे, चोचीतली गाळणी आणि हंसासारखा आवाज बदकांकडे. पुढे १९८० मध्ये स्टॉर्स ओल्सन आणि अॅलन फेडुशिया या दोघा अमेरिकी संशोधकांनी तिसराच दावा मांडला : रोहित हा शेकाट्याच्या भाऊबंदांपैकी आहे. म्हणजे गोराईच्या बोटीतून दिसणारा तो शेकाटाही एके काळी या सोयरिकीत उमेदवार होता. टिबुकलीचे नाव मात्र कोणीच घेत नव्हते.

आता उवांकडे येऊ. पक्ष्याच्या अंगावरची ऊ आपल्या डोक्यातल्या उवेसारखीच बिनपंखांची असते, पण तिचे खाणे बहुधा पिसे आणि कातडीचा कोंडा. अशा उवांच्या चार हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. तिचा जन्म, लग्न, बाळंतपण आणि मरण सगळे त्या एका पक्ष्याच्या अंगावरच होते. लिखा पिसांना चिकटवलेल्या असतात. पक्ष्यापासून वेगळी झाली तर ती काही दिवसांपलीकडे जगत नाही. तेव्हा तिला नवे घर मिळते ते मुख्यतः दोनच वेळी : नर-मादी एकत्र येतात तेव्हा आणि आईबापांच्या पंखाखाली पिल्ले बसतात तेव्हा. थोडक्यात, उवा वारशाने मिळतात. आजीच्या पाटल्या जशा आईकडून मुलीकडे येतात, तशा.

मग ओघानेच एक कल्पना सुचते. एका पक्ष्याच्या जातीतून दोन जाती फुटल्या, तर त्यांच्या उवाही वेगळ्या पडतील आणि कालांतराने त्यांच्याही दोन जाती होतील. पक्ष्यांची वंशावळ आणि उवांची वंशावळ एकमेकींच्या सावलीसारख्या चालतील. १८९० च्या दशकात अमेरिकेतील व्हर्नन केलॉग यांनी या दिशेने विचार केला. १९१३ मध्ये जर्मनीच्या हाइनरिश फारेनहोल्झ यांनी तो इतका ठामपणे मांडला, की आजही त्याला ‘फारेनहोल्झचा नियम’ म्हणतात. पक्ष्याचे रूप परिस्थितीनुसार बदलते, पण पिसांत बसलेल्या उवेला बाहेर पाणी आहे की वाळवंट, याच्याशी फारसे देणेघेणे नसते. म्हणून रूप बदलून बसलेल्या पक्ष्याचे खरे गोत्र त्याची ऊ सांगेल, असा हा हिशोब.

रोहिताच्या उवा पाहिल्या गेल्या, तेव्हा उत्तर स्वच्छ वाटले. त्याच्या अंगावर अॅनाटिकोला आणि अॅनाटोएकस या वंशांच्या उवा होत्या. याच उवा थापट्या, हळदीकुंकू यांसारख्या बदकांच्या अंगावर असतात. करकोच्यांवर त्या नसतात. ‘अॅनाटिकोला’ या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘बदकावर राहणारी’. झाले, रोहित बदकांचा भाऊ! मिरियम रॉथ्सचाइल्ड आणि थेरेसा क्ले या दोघींनी १९५२ मध्ये पक्ष्यांच्या परजीवींवर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकातही या उवांचा दाखला आहे. (या मिरियमबाईंचे वडील चार्ल्स रॉथ्सचाइल्ड बँकवाल्या घराण्यातले, पण जीव पिसवांवर. उंदरावरच्या ज्या पिसवेने १८९६ नंतर मुंबईत प्लेग पसरवला, त्या पिसवेला १९०३ मध्ये शास्त्रीय नाव देणारे तेच.)

गोराई-मनोरी-उत्तन या पट्ट्यात राहणाऱ्यांना या तर्कातली खोट चटकन कळावी. इथल्या ईस्ट इंडियन घरांमध्ये परेरा, डिसोझा अशी आडनावे आहेत. ती पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर आली. आडनावावरून कोणी गोराईच्या परेरांचे रक्त लिस्बनच्या परेरांशी जुळवू लागला, तर गावातली म्हातारी माणसे हसतील. आडनाव बापाकडून मुलाकडे येते हे खरे, पण आरंभी ते संपर्कातूनही आलेले असू शकते. उवांचेही तसेच. दोन पक्ष्यांवर एकसारखी ऊ असेल, तर ती दोघांच्या पूर्वजाकडून आली असेल किंवा एकाच पाणथळीवर राहताना एकाकडून दुसऱ्याकडे गेली असेल. नुसत्या साम्यावरून यातले काय घडले, ते कळत नाही.

बदकांच्या दाव्याला पहिला मोठा धक्का बसला तो बदकांमुळेच. बदकांचे जवळचे नातलग कोंबड्या, मोर आणि तितर असल्याचे पुरावे जमत गेले. रोहिताला त्या कुटुंबात ओढायला कोणी तयार नव्हते. १९८० च्या दशकात चार्ल्स सिबली आणि जॉन अॅलक्विस्ट यांनी वेगवेगळ्या पक्ष्यांचे डीएनए एकत्र करून, तापवून, ते किती अंशांवर सुटतात यावरून नाती मोजली. जितके नाते जवळचे, तितकी जोडी घट्ट. त्यांनी रोहिताला करकोच्यांच्या शेजारी नेऊन बसवले. मग उवांचे काय करायचे? सोपे उत्तर निघाले : त्या बदकांकडून रोहिताला लागल्या असतील. साक्षीदार फितूर आहे, त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. बहुतेकांनी प्रकरण तिथेच मिटवले.

२००१ मध्ये अमेरिकेतील ब्लेअर हेजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणपक्ष्यांच्या डीएनएचा क्रम प्रत्यक्ष वाचून तुलना केली. रोहिताशेजारी येऊन बसली ती टिबुकली आणि तिची भावंडे. पुष्कळांना हे हास्यास्पद वाटले. एक बुडी मारणारा, ज्याचे पाय अंगाच्या अगदी मागच्या टोकाला आहेत आणि ज्याला जमिनीवर धड चालता येत नाही. दुसरा मैलोन्‌मैल चिखल तुडवणारा. पण एकदा कुठे बघायचे ते कळले, की दिसू लागते. जर्मनीचे गेराल्ड माइर यांनी २००४ मध्ये दोघांच्या शरीरातली साम्ये मांडली. दोघांच्या मानेतल्या काही मणक्यांची ठेवण सारखी, पंखातल्या मुख्य पिसांची संख्या सारखी. आणि दोघांच्या अंड्यांच्या कवचावर चुन्यासारखा, कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा थर. नामशेष झालेल्या पॅलिलोडस नावाच्या पक्ष्याची हाडे तर एकोणिसाव्या शतकापासूनच फ्रान्समधून माहीत होती. तो रोहिताच्या कुळातला, पण पायांची ठेवण पोहणाऱ्या पक्ष्याची. मधला दुवा संग्रहालयाच्या कपाटात होता. त्याला विचारायचा प्रश्न तेवढा कोणाला सुचला नव्हता.

आतड्यातल्या जंतांनीही दुजोरा दिला. अॅमाबिलिडी नावाचे पट्टकृमींचे एक छोटे कुळ आहे. ते टिबुकलीच्या भावंडांत सापडते आणि रोहितात. पूर्वी याकडे योगायोग म्हणून पाहिले जाई.

मग २००६ मध्ये केविन जॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते मिटलेले प्रकरण पुन्हा उघडले. या वेळी त्यांनी पक्ष्यांचा नव्हे, उवांचाच डीएनए वाचला. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत आवडतो, कारण यातला तर्क कोणालाही तपासून पाहता येतो. उवा बदकांकडून रोहिताला लागल्या असतील, तर रोहिताच्या उवा ही बदकांच्या उवांच्या झाडावरची एक लहान डहाळी दिसायला हवी आणि टिबुकलीच्या उवा त्यांच्यापासून दूर कुठेतरी असायला हव्यात. उलटे घडले असेल, तर रोहित आणि टिबुकली यांच्या उवा एकमेकींच्या नात्यात असतील आणि बदकांच्या उवा रोहिताच्या उवांमधून फुटलेल्या दिसतील. निकाल दुसऱ्या बाजूने लागला. रोहित आणि टिबुकली यांच्या उवा नात्यातल्या आहेत, कारण दोघांचा पूर्वज एक. आणि बदकांना त्या उवा रोहितांकडून लागल्या.

फारेनहोल्झचा नियम इथे अर्धा खरा ठरला, अर्धा खोटा. टिबुकलीच्या बाबतीत ऊ वारशाने आली, बदकाच्या बाबतीत शेजाराने. ‘बदकावर राहणारी’ हे नाव मात्र त्या उवेला कायमचे चिकटले आहे. नामकरणाचे नियमच तसे आहेत, आडनावासारखे.

ऊ एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जाते कशी, आणि गेल्यावर वेगळी जात होते कशी? याचा अभ्यास करायला मुंबईत ज्यांची कमी नाही, ते कबूतरच उपयोगी पडले. कबुतरांच्या अंगावर चपट्या माश्या असतात. त्यांचे पाय धरून उवा एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर प्रवास करतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेल क्लेटन, सेरा बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या कबुतरांच्या पंखांतल्या उवा एका आडदांड पाळीव वाणाच्या कबुतरांवर सोडल्या आणि चार वर्षे वाट पाहिली. चार वर्षे म्हणजे उवांच्या जवळपास ६० पिढ्या. मोठ्या कबुतरांवरच्या उवा आकाराने मोठ्या झाल्या, कारण पक्षी चोचीने पिसे साफ करतो तेव्हा पिसाच्या खाचेत नीट बसणारी ऊच वाचते. पुढची गंमत अशी, की मोठ्या आणि लहान उवांचे मीलनही नीट जमेना. नव्या जातीची सुरुवात अशीच होते. इथे ती पिंजऱ्यात, माणसाच्या डोळ्यांसमोर झाली. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

खिडकीत कबुतराने घरटे केले, की आपल्या मुलांच्या डोक्यात उवा होतील, अशी भीती काही घरांत असते. ती निराधार आहे. कबुतराची ऊ माणसावर संसार थाटू शकत नाही. घरट्यातले माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे, मात्र चावून खाज आणतात आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसांना इजा करू शकते. भीती बाळगायचीच, तर त्यांची बाळगावी.

कबूतर या कथेत आणखी एकदा येते. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून जगभरच्या शेकडो शास्त्रज्ञांनी नवी वंशावळ मांडली. रोहित-टिबुकली जोडी त्यात पक्की झालीच, शिवाय त्यांना चुलतभाऊ मिळाले कबूतर-पारवे. पटण्यासारखेही होते. पिल्लांना अन्ननलिकेतून झिरपणारे ‘दूध’ पाजणारे पक्षी मोजकेच. त्यात कबूतर आहे आणि रोहितही आहे. मात्र एप्रिल २०२४ मध्ये ३६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास आला आणि ते चुलतनाते मोडले. चूक कुठे झाली होती, हे त्याच वेळी सियावश मिराराब आणि सहकाऱ्यांनी दाखवले. दर पिढीत आईबापांकडून आलेली गुणसूत्रे पत्त्यांसारखी पिसली जातात. डायनोसॉर संपल्यानंतर थोड्याच काळात, पक्ष्यांच्या शाखा भराभर फुटत असताना, एका गुणसूत्राच्या एका मोठ्या तुकड्यात हे पिसणे लक्षावधी वर्षे बंद पडले होते. सगळ्या जनुकसंचाच्या जेमतेम दोन टक्के एवढा तो तुकडा. त्यातली जनुके एकच गोष्ट सांगत होती, म्हणून पुरावा भरभक्कम वाटला. प्रत्यक्षात ती हजार माणसांची साक्ष नव्हती. एकाच माणसाने हजार नावांनी सही केली होती. रोहित आणि कबूतर यांचे दूध हे आपापल्या घरी, स्वतंत्रपणे सुरू झालेले प्रकरण आहे, असे आता मानावे लागते.

उवांची चूक आपण हसून सांगतो, पण डीएनएही असा फसवतो. म्हणून एका साक्षीवर निकाल द्यायचा नसतो. महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. वनपिंगळा हे छोटे घुबड ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये जगापुढे आणले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता. १९१४ चा म्हणून एक नमुना गुजरातच्या नावाने होता, तो रिचर्ड माइनर्टझहागेन या लष्करी अधिकाऱ्याचा. हे गृहस्थ थेरेसा क्ले यांच्याबरोबर उवांवर काम करणारे, मोठे संग्राहक. पुढे उघड झाले, की त्यांचा नमुना चोरलेला आणि त्यावरची चिठ्ठी खोटी होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. २०१४ मध्ये तो मुंबईच्या जवळ, तानसाच्या जंगलातही सापडला. त्याचे हाड-पिसांवरून वेगळे कुळ मानावे, की साध्या पिंगळ्याच्याच घरातला म्हणावा, हा वाद शतकभर चालला होता. २०१८ मध्ये पंकज कोपर्डे, प्राची मेहता, व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी डीएनए वाचून त्याला पिंगळ्यांच्या घरात बसवले.

ही पद्धत पक्ष्यांपुरती नाही. माणसाची ऊ आणि चिंपांझीची ऊ या सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले तोच हा काळ. आणि कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ डोक्यातल्या उवेपासून केव्हा फुटली, यावरून माणूस कपडे केव्हापासून घालतो याचा अंदाज बांधता आला : किमान ८३ हजार वर्षांपूर्वीपासून, कदाचित १ लाख ७० हजार. चामड्याचे आणि झाडपाल्याचे ते कपडे केव्हाच कुजून गेले. त्यांची नोंद उवेने ठेवली.

अशी नोंद पुसलीही जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाड नामशेष व्हायला आले, तेव्हा १९८० च्या दशकात उरलेले पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवले गेले. जपणूक म्हणून त्यांच्या अंगावरच्या उवा औषधाने मारल्या. काँडोर वाचला, फक्त त्याच्यावरच राहणारी एक ऊ मात्र जगातून गेली. तिने काय सांगितले असते, हे आता विचारता येणार नाही.

रोहिताच्या जगात मिळून सहा जाती आहेत आणि टिबुकलीच्या कुळात वीसच्या आसपास. पक्ष्यांच्या वृक्षावरची ही एक एकाकी, जुनी फांदी. रोहिताच्या दोन जाती मुंबईत येतात. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि इथले पक्षी गुजरातकडे जातात, हे नकाशावर उमटले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर, उतरत्या विमानाला धडकून जवळपास ४० रोहित मेले. नेरुळच्या ज्या तळ्यांवर ते भरतीच्या वेळी विसावतात, त्यांच्यात पाणी येऊ द्यायचे की ती बुजू द्यायची, हा झगडा वेगळा चालूच आहे.

दोघांना एकाच दिवशी बघायचे असेल, तर हिवाळ्यापासून मेपर्यंत भांडुपच्या खाडीकडे जावे. खाडीत रोहित असतात आणि बाजूच्या गोड्या पाण्याच्या डबक्यांत टिबुकली. ती वर्षभर असते. पावसाळ्यात ती पाण्यावर तरंगणारे घरटे करते आणि उठून जाताना अंडी शेवाळ-पानांनी झाकून ठेवते. घातली तेव्हा ती पांढरी असतात, चुन्याचा हात दिल्यासारखी. मग ओल्या पानांचे डाग पडून हळूहळू तपकिरी होतात. चुन्याचा तसाच हात कच्छच्या रणात, चिखलाच्या ढिगावर घातलेल्या रोहिताच्या अंड्यावरही असतो.